पारसनिसांच्या घरची फारसी

बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या जुन्या माणसांपुढे दत्तात्रयराव पारसनिसांचं नाव काढा, माणूस आधी खो खो हसेल. मग त्यांच्या बायकोचं, मंगलाबाईंचं नाव निघालं की हसू आवरून म्हणेल, "ती बाई मात्र वेगळीच होती हो." ही त्या वेगळ्या बाईची गोष्ट. पण नवऱ्याशिवाय ती सांगता येत नाही, हे तिचं दुर्दैव आणि माझंही.

मंगलाबाई जैनाबादच्या. तापी ओलांडली की माहेर. वडील तिथल्या शाळेत मास्तर, त्यामुळे बाईंना लिहिता-वाचता येत होतं. शिवाय बापाने एक खोड लावून ठेवली होती, समोरचा बोलतो ते खरं की खोटं हे मनातल्या मनात ताडून बघायची. अशी मुलगी नेमकी पारसनिसांच्या घरात पडली.

आता हे पारसनीसपण काय होतं तेही ऐका. बऱ्हाणपुरावर शिंद्यांचा अंमल होता, तेव्हा दत्तात्रयरावांचे आजोबा कमाविसदाराच्या कचेरीत फारसी कागद लिहायचे. बरेच लिहीत असतील, त्या म्हाताऱ्याबद्दल आपली काही तक्रार नाही. पुढे शिंदे गेले, इंग्रज आला, कचेरीतली फारसी गेली आणि आजोबाही गेले. मागे राहिलं काय, तर आडनाव, एक विरलेली शाल आणि पेटीभर कागद. ते कागद घरात कुणाच्या बापाला वाचता येत नव्हते. दत्तात्रयराव स्वतः तहसील कचेरीत नकलनवीस. दिवसभर दुसऱ्याने लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचं, पदरचं एक अक्षर घालायची मुभा नाही. पण संध्याकाळी ओट्यावर बसले की ऐट अशी, जणू बादशाही यांच्याच सहीने चालली होती!

"आमच्या घराण्यात फारसी रक्तात आहे," असं ते आल्यागेल्याला ऐकवत. रक्तात असेल बापडी. तोंडात मात्र 'खैरियत', 'तशरीफ' आणि 'बमूजिब' यांच्या पुढे ती कधी आली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत साफसफाईला ती पेटी उघडली. मंगलाबाईंनी कौतुकाने विचारलं, "यात काय लिहिलंय हो?" दत्तात्रयरावांनी एक कागद डोळ्यांपुढे धरला आणि मोठ्या थाटात आजोबांच्या पराक्रमाची कथा वाचून दाखवली. दुसऱ्या दिवाळीत तोच कागद, तोच डाग, आणि कथा निराळीच. मंगलाबाई समजायचं ते समजल्या. त्या दिवशी नवऱ्याबद्दल जी तुच्छता मनात बसली ती कायमची. तोंडाने मात्र मूग गिळून राहिल्या. बाईमाणूस, सासरचं घर, सांगणार कुणाला?

नुसती फुशारकी असती तर कुणाचं काय जात होतं! फुशारक्या मारणारे नवरे गल्लोगल्ली आहेत. बायका त्यांना दोन वेळा जेवू घालतात आणि आपल्या कामाला लागतात. पण या गृहस्थाने स्वतःला न आलेली फारसी पोरांच्या मानेवर बसवली.

थोरला अनंत. पोरगं गणितात असं तयार, की बाजारात केळीवाली बोटं मोजत असायची तोवर हा उत्तर सांगून मोकळा. तेव्हा हायस्कुलात नववीला गेलं की एक विषय निवडावा लागे: संस्कृत, फारसी, नाहीतर वरचं गणित. अनंताने वरचं गणित हे दोन शब्द घरात भीतभीत काढले. दत्तात्रयराव कडाडले, "गणित वाण्याच्या पोरांनी करावं! पारसनिसांच्या घरचं पोर फारसी घेईल." दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन सांगून आले. पोराला विचारायची पद्धत नव्हती, आणि बायकोला विचारायची तर त्याहून नव्हती.

फारसी शिकवायला एक मौलवीसाहेब होते. हाडाचे शिक्षक. वर्गातली बाकीची पोरं घरी उर्दू बोलणारी, त्यांच्या हाताला ती लिपी सवयीची. अनंत उजवीकडून डावीकडे ओळ काढताना घामाघूम व्हायचा. मौलवीसाहेबांना त्याची दया आली. बिचारे एक दिवस आपण होऊन पारसनिसांच्या ओट्यावर आले.

"पारसनीस साहब, लडका जहीन है," ते म्हणाले, "मगर ये जबान उसके दिल को नहीं लगती. अभी वक्त है, मजमून बदलवा दीजिए."

अहो, फारसी शिकवणारा माणूस सांगतोय, की पोरगं हुशार आहे, पण त्याला फारसी देऊ नका! यावर शहाण्या माणसाने हात जोडले असते. दत्तात्रयरावांनी 'तशरीफ रखिए' म्हणून विडा पुढे केला, आणि पाहुण्याची पाठ वळताच म्हणाले, "त्यांच्या लोकांना वाटणारच, आपल्या पोराने फारसीत पुढे जाऊ नये." थू असल्या अकलेवर! मंगलाबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांना मौलवीसाहेबांच्या मागे धावत जाऊन माफी मागावीशी वाटली.

मॅट्रिकचा तेव्हा कायदा असा होता, की एका विषयात गेला तो सगळ्यातच गेला. अनंत गणितात सगळ्यांच्या वर, इंग्रजीत बरा आणि फारसीत आडवा. पुढच्या सालीही तेच, त्याच्या पुढच्या सालीही तेच. गल्लीतली कारटी मागून ओरडायची, "पढे फारसी, बेचे तेल!" अनंत मान खाली घालून चालायचा.

त्या शेवटच्या निकालाच्या दिवशी तो जेवायला आला नाही. दुपार टळल्यावर दगा नावाडी त्याला हाताला धरून घेऊन आला. दगा राजघाट ते जैनाबाद नाव चालवायचा, मंगलाबाईंना लहानपणापासून ओळखायचा. पोराचे कपडे गळ्यापर्यंत भिजलेले आणि तोंड पांढरंफटक. दग्याने बाईंना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "पोराले जप व माय. तो पोहाले नव्हता उतरला."

मंगलाबाईंनी धावत जाऊन पोरासाठी पाण्याचा तांब्या आणला. आणि दत्तात्रयराव? ते ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. म्हणाले, "तापीस्नान केलं ना, उत्तम. मनाला उभारी येते. पुढच्या साली पुन्हा बसेल." त्या घटकेला बाईंना वाटलं, हातातला तांब्या या माणसाच्या टाळक्यात घालावा. पण शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. घरातला तमाशा चव्हाट्यावर नको, म्हणून त्या पदर तोंडाशी धरून आत गेल्या आणि पोराचं अंग पुसत बसल्या.

अनंत पुन्हा परीक्षेला बसला नाही. म्हणीप्रमाणे तेल विकायची पाळी आली नाही, पण जिनिंगमध्ये सरकीची पोती मोजायची आली. रोज संध्याकाळी केसांत कापसाचं तूस घेऊन घरी यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. बाप लोकांना सांगे, "त्याची मोठ्या हुद्द्याची तयारी चालली आहे. तोवर वेळ जावा म्हणून जातो जिनिंगला." आणि मॅट्रिक झाल्याशिवाय पारसनिसांकडे मुंडावळ्या बांधत नाहीत, असा एक नियम काढून त्याचं लग्नही टांगून ठेवलं. बडा घर, पोकळ वासा, दुसरं काय!

धाकटा श्रीकांत अनंताहून बराच लहान. याला नाद वेगळाच. आपल्याकडे डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात येतं, ते जुने भंडारे सगळ्यांना माहीत आहेत. कुणी त्याचा विचार करत नाही, घडे भरून घरी जातात. हे पोरगं मात्र भंडाऱ्याच्या विहिरीसारख्या कुंडीच्या काठावर पालथं पडून तासन् तास खाली बघत बसे. एकदा त्याने बापाला विचारलं, "नाना, या पाण्याला आत कोण ढकलतं?"

दत्तात्रयराव म्हणाले, "बादशहाचा हुकूम होता म्हणून येतं."

मंगलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांना इतकं हसू आलं, की भाकरी हातातच फाटली.

श्रीकांत नववीत गेला त्या साली शाळेत सायन्सचा विषय नवा निघाला. एक खोली, तिच्यात काचेच्या नळ्या, तराजू आणि मोजकी बाकं. जागा थोड्या, म्हणून आठवड्याभरात नावं पक्की होणार होती. श्रीकांतला तर वेडच लागायचं बाकी होतं. पण दत्तात्रयराव पहिल्याच दिवशी शाळेत जाऊन आले. रात्री जेवताना मिशा पुसत म्हणाले, "फारसी सांगून आलो. थोरल्याने नाव घालवलं, हा परत आणील."

पोरगं अर्ध्या ताटावरून उठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळ आईला खेटून बसलं आणि म्हणालं, "आई, मी पण दादासारखा होईन का गं?"

तेवढ्या एका वाक्याने बाईंच्या काळजाचं पाणी झालं. ओले कपडे, पांढरं तोंड, दग्याचे शब्द, सगळं डोळ्यांपुढे आलं. एक पोर नदीने परत दिलं होतं. दुसरं देईलच कशावरून?

त्या दिवशी बाई नवऱ्याशी कितीतरी वर्षांनी बोलल्या. म्हणजे जेवायला वाढलंय, पाणी काढलंय, याच्यापलीकडचं बोलल्या. "श्रीला सायन्स घेऊ द्या."

दत्तात्रयरावांना सर्दी झाली होती. कचेरीतून रजा काढून, डोक्याला मफलर गुंडाळून ते वेखंड हुंगत बसले होते. "तुला काय कळतं त्यातलं? सायन्स म्हणजे बाटल्या धुणं. बायकांनी चुलीजवळचं बोलावं."

"चुलीजवळ उभी राहूनच बोलतेय. एका पोराचं वाटोळं झालं तेवढं पुरे."

"वाटोळं?" ते शिंकले. "घराण्याची इभ्रत तुझ्या मास्तर बापाला नाही कळली, तुला काय कळणार?" एवढं बोलून त्यांनी आजोबांची शाल डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतली आणि भर दुपारी घोरायला लागले.

मंगलाबाईंनी त्या घोरत्या गाठोड्याला वळसा घातला. मग पायात वहाणा सरकवल्या आणि निघाल्या. पारसनिसांची बाई एकटी, भर दिवसा, बाजारातून हायस्कुलात गेली, यावरच गावाने आठवडाभर चघळलं असतं. पण पुढे जे झालं त्याने ते राहूनच गेलं.

हेडमास्तर लीलाधरजी जबलपूरकडचे, माणूस सज्जन. उठून उभे राहिले, खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत. पदर डोक्यावर नीट घेऊन म्हणाल्या, "श्रीकांत पारसनीस माझा मुलगा. त्याचं नाव फारसीतून काढा आणि सायन्सला घाला."

"बाईसाहेब, मला तर खुशीच आहे. लडका होनहार आहे," हेडमास्तर आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले. "पण विषय पालकाने सांगायचा असतो. पालक म्हणजे पिताजी. ते येऊन फारसी सांगून गेले. आता त्यांनीच येऊन बदललं तर बदलेल."

"आईने सांगितलं तर?"

"पिताजी हयात आहेत तोवर आईचं नाही चालत. कायदा आहे, मी काय करू? हयात नसते तर गोष्ट वेगळी होती."

बोलायला तो बिचारा सरळपणे बोलून गेला. मंगलाबाई म्हणाल्या, "एवढंच ना?" आणि पदराचं टोक धरून त्यांनी कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. लाल फराटा राहिला, तोही पुसला.

"आता चालतं?"

हेडमास्तरांची खुर्ची मागे कलंडली. "राम राम राम! बाईसाहेब, हे काय भलतंच! दत्तात्रयराव तर काल इथे..."

"काल असतील. शाळेपुरते आज नाहीत. लिहा, सायन्स."

आवाज चढला नाही, डोळ्यांत टिपूस नाही. हेडमास्तरांनी टाक उचलला. त्यांनी फारसी खोडलं आणि सायन्स लिहिलं. बाईंनी वाकून ते वाचलं, नमस्कार केला आणि बाहेर पडल्या.

दारात कौतिक चपराशी उभा होता. त्याने आतलं बोलणं ऐकलं नव्हतं, फक्त येताना लाल असलेलं कपाळ जाताना रिकामं बघितलं. झालं! पारसनीस आजारपणाची रजा काढून घरी आहेत हे त्याला ठाऊक होतं. तो मागच्या दाराने जो सुटला तो थेट लोधीपुऱ्यात. वाटेत भेटेल त्याला सांगत गेला, "पारसनीस गेले!"

मंगलाबाई मात्र सावकाश, बाजाराच्या मधोमध चालत निघाल्या. दुकानदार हातातलं माप टाकून बघत राहिले. केळी विकणारी भागाबाई त्यांच्याच गल्लीतली. तिने ते कपाळ बघितलं आणि टोपलीवरून उडी मारून आली. "अव माय व! कवा झालं हे?" बाई चालत राहिल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. भागाबाई टोपली तशीच टाकून रडत त्यांच्या पुढे धावली.

तिकडे घरात काय झालं असेल? दार उघडं. आत चटईवर डोक्यापासून पायापर्यंत शालीत गुंडाळलेले दत्तात्रयराव निपचित. घोरणं नेमकं थांबलेलं. आणखी काय पुरावा हवा? बायकांनी गळा काढला. कौतिकाने बांबू आणायला माणूस धाडला. मडकं आलं, गोवऱ्या आल्या. आणि मग माणसं मेलेल्याबद्दल दाराशी उभं राहून जे हळू आवाजात बोलतात ते सुरू झालं.

"सुटली बाई."

"थोरल्याच्या आयुष्याची माती केली की हो यांनी."

"कशापायी? तर फारसीपायी! स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. सगळ्या कचेरीला माहीत होतं."

शाल हलली. आतून एक मोठी शिंक आली. बायका किंचाळल्या, मडकं फुटलं, कुणीतरी रामनाम म्हणत ओट्यावरून खाली उडी घेतली. दत्तात्रयराव मफलरासकट उठून बसले. माणसं, बांबू, गोवऱ्या बघून त्यांची बोबडी वळली. हळू आवाजातलं ते सगळं बोलणं त्यांनी शालीखालून ऐकलं होतं की नाही देव जाणे. पण चेहरा सांगत होता, ऐकलं होतं.

गर्दी बाजूला झाली आणि मंगलाबाई दारात आल्या. त्यांचं कपाळ बघून दत्तात्रयराव ओरडले, "अगं, मी जिवंत आहे!"

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "शाळेपुरते वारलात. श्रीचं नाव सायन्सला लागलंय. हेडमास्तर म्हणाले, बाप हयात असताना आईचं चालत नाही. म्हणून पुसलं."

दत्तात्रयरावांनी मफलर झटक्यात सोडला. "मी आत्ता जातो शाळेत. आत्ता जाऊन सांगतो..."

"खुशाल जा. तुम्ही फारसी लावून आलात, की मी हे असं कपाळ घेऊन रोज बाजारात जाईन. तुम्ही जिवंत ओट्यावर बसा इभ्रत सांगत, आणि मी तुमच्या समोरून ही अशी जाईन. बघू पारसनिसांची इभ्रत किती दिवस टिकते."

या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीचं भय होतं, लोक काय म्हणतील. आणि लोक तर बांबू घेऊन समोर उभे होते. दत्तात्रयराव सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. कुणी तोंड फिरवलं, कुणी हसू दाबलं. शेवटी त्यांनी शाल गोळा केली आणि चटईकडे बघत पुटपुटले, "घेऊ दे सायन्स. लाव आधी ते कुंकू." भागाबाईने धावत जाऊन करंडा आणला. मंगलाबाईंनी आरशात न बघताच बोट टेकवलं आणि चुलीकडे वळल्या. स्वयंपाक व्हायचा होता.

गाव पोट धरधरून हसलं. दत्तात्रयराव त्यानंतर कितीतरी दिवस ओट्यावर दिसले नाहीत. श्रीकांत शाळेतून नाचतच आला, आईच्या गळ्यात पडला, पुन्हा नाचत बाहेर गेला. मंगलाबाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. त्या गुणगुणत भाकऱ्या भाजत होत्या.

दिवेलागणीला अनंत जिनिंगमधून आला. वाटेत त्याला सगळं कळलं होतं. त्याने हातपाय धुतले, पाटावर बसला. आईने ताट पुढे केलं, गरम भाकरी वाढली, वर लोणी घातलं. हसून म्हणाली, "आज श्रीचं भलं झालं रे बाबा."

"ऐकलं," अनंत म्हणाला. "चांगलं केलंस."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. केसांतलं कापसाचं तूस तसंच होतं. मग त्याने मान वर केली. राग नव्हता, रडणं नव्हतं. मीठ मागावं तसं त्याने विचारलं, "आई, माझ्या वेळी का नाही पुसलंस?"

मंगलाबाईंनी त्या दिवशी नवऱ्याला, हेडमास्तरांना आणि सगळ्या गावाला उत्तर दिलं होतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी त्यांना ती उलटायची सुचली नाही. अनंत तुकडा हातात घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिला.